आईने न घासलेलं नाणं

बाबा गेले तरी आमच्या घरातला त्यांचा धाक काही गेला नाही. वसईतला दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात मी आणि आई. मी नोकरीवरून यायचे तेव्हा बघायचे, आई कपाटासमोरून जाताना पदराला हात पुसते. गेलेल्या माणसाला काय कळतंय, असं मी एकदा तिच्यावर खेकसले. ती म्हणाली, "तुला नाय कळनार."

कपाटात बाबांची सात चांदीची नाणी होती, एकेक वेगळ्या डबीत. प्रूफ नाणी. म्हणजे बाजारात चालणारी नव्हेत. टांकसाळ ती हौशी लोकांसाठी वेगळी पाडते, आणि ती इतकी लख्ख असतात की त्यांत बघून कुंकू लावावं. बाबा पोस्टाने मागणी पाठवून महिनेन् महिने वाट बघत. नाणं आलं की ते नुसतं कडेला धरून खिडकीशी नेत आणि आईला लांब उभं करत. आईचं माहेर नायगावकडचं, मिठागरावरचं. "तुझ्या हाताला मीठ आहे," ते म्हणायचे, "डाग पडेल." लग्नाला तीस वर्षं झाली तरी ते मीठ काही उतरलं नाही. मी लहानपणी त्यावर हसायचे. त्याची मला अजून लाज वाटते.

जाण्याआधी त्यांनी मला बजावलं होतं, नाणी अशीतशी कुणाला द्यायची नाहीत, आधी ग्रेडिंग करून घ्यायचं. मुंबईतला एक नाण्यांचा व्यापारी त्यासाठी लोकांची नाणी अमेरिकेला पाठवायचा. तिकडे जाणकार लोक भिंगातून बघतात, गुण देतात आणि नाणं प्लास्टिकच्या चौकटीत कायमचं बंद करून परत धाडतात. बाबांचा शेवटचा शब्द, तो मोडायचा कसा? पण कपाटाशी गेले की मीही हात पुसायचे आणि मागे फिरायचे. आज नको उद्या करत वर्ष गेलं.

वर्षश्राद्ध झालं आणि दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी घरी आले, तर पाटावर चांदीचं निरांजन, चांदीची वाटी आणि शेजारी बाबांची नाणी मांडलेली. दिवाळीला घरातली सगळी चांदी घासतात, तशी आईने तीही पांढऱ्या दंतमंजनाने घासली होती, दुधाने धुतली होती, वर हळदकुंकू वाहिलं होतं. नाण्यांतला आरसा गेला होता. बारीक बारीक ओरखड्यांची नुसती चांदी उरली होती. मी तिला नाही नाही ते बोलले. अगदी बाबा बोलायचे तस्सं, शब्दसुद्धा त्यांचेच. माझं मलाच ते ऐकू येत होतं. सातवं नाणं तेवढं डबीत तसंच होतं. "मंजन सरलं," ती म्हणाली.

दिवाळीनंतर मी सातही नाणी घेऊन त्या व्यापाऱ्याकडे गेले. त्याने भिंग लावलं आणि मान हलवली. "ही सहा पाठवू नका, बाई. घासलेली आहेत असा शेरा येईल. हे एक मात्र अप्रतिम आहे. याला कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नाही." दोन दिवसांत कळवते म्हणून मी परत आले.

आई मेथी निवडत बसली होती. मी डबी तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "आई, मंजन सरलं नव्हतं. मोरीत अर्धा डबा आहे. खरं काय ते सांग."

तिने हातातल्या काडीची पानं खुडली. मग म्हणाली, "मला त्या नान्यांत तुझे बाबा दिसायचे. तू कामावर गेलीस का मी डब्या उघडायची. माझं तोंड बघायला जायची, तर हे मागं उभे. लांब हो, म्हनायचे. म्हनून घासली. एकेक घासलं, एकेकातून गेले."

"आणि हे?"

"याच्या वेळेला मला रडू आलं. म्हटलं, एवढे तरी राहू देत."

भूतबीत मी मानत नाही. पण खरं सांगते, त्या वेळी मला डबीकडे बघवेना. मी घाईघाईने तिला व्यापाऱ्याचं म्हणणं सांगितलं, ती बंद चौकट, ते गुण, बाबांनी मला काय सांगून ठेवलं होतं ते.

"बंद केल्यावर कोनालाच हात लावता येनार नाय?"

"कुणालाच नाही."

"मलापन?"

"तुलापण."

तिने डबी उघडली. मेथीने हिरवा झालेला ओला अंगठा नाण्याच्या मधोमध ठेवला आणि दाबून धरला. मी तिला अडवलं नाही. बाबांचा शब्द तिथेच मोडला, आणि आता कोण ओरडतं म्हणून मी श्वास रोखून बसले होते. आईही तशीच, कान देऊन.

"काय नाय बोलले," ती म्हणाली, आणि रडायला लागली.