मामूंच्या गोदामातलं पिल्लू

आई गेली तेव्हा मी फार लहान होतो. मला मामूंनी, म्हणजे तिच्या भावाने, वाढवलं. ते आखातात, देऱ्याच्या बंदरात व्यापाराला, मी रत्नागिरीजवळच्या गावात मामींपाशी. माझी शाळा आणि नंतर मुंबईत जनावरांच्या दवाखान्यातलं शिक्षण, सगळं त्यांच्या तिथल्या गोदामाच्या कमाईवर झालं. साठच्या दशकाच्या शेवटी त्यांनीच मला तिकडे बोलावून घेतलं. बंदरापासून आत वाळवंटात, अल ऐनला, एका बड्या घराण्याने हरणांसाठी मोठं कुंपण घातलं होतं. तिथे मी औषधपाणी बघायला लागलो. वर एक इंग्रज डॉक्टर होते, कमी बोलणारे आणि कामाला पक्के.

एकदा आफ्रिकेतून मालकांसाठी गेंड्याचं पिल्लू येणार असल्याचा निरोप आला. ते घ्यायला डॉक्टर आणि मी देऱ्याला गेलो. पडावातून पिंजरा खाडीच्या धक्क्यावर उतरला, पण आमचा ट्रक वाटेत वाळूत रुतून बसला होता. उन्हात जनावर कुठे ठेवायचं?

मामू धक्क्यावर आलेच होते. "माझं गोदाम इथेच आहे. साहेबांना सांग, सावली आहे, पाणी आहे. यल्ला, चला!" म्हणत त्यांनी हमाल बोलावले. मला त्यांचा अभिमान वाटला.

गोदामाच्या चौकात पिंजरा ठेवला. आत मादी होती, वासराएवढी. नाकावर शिंगाच्या जागी नुसतं टेंगूळ. ती बारीक आवाजात रडत होती. एवढ्या अंगातून असा किरटा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हिच्या आईला शिंगासाठी मारलं. ही दोन दिवस तिच्याजवळून हलली नाही."

मी ते मामूंना सांगायच्या आतच ते डॉक्टरांचा हात धरून म्हणाले, "साहेब, कम, कम. आय शो." आणि त्यांनी शेजारच्या खोलीचं कुलूप काढलं.

आत खजुराच्या पाट्यांमागे गोणी होत्या. मामूंनी एकीचं तोंड सोडलं आणि शिंगं बाहेर काढून ओळीने मांडली, पाहुण्यांपुढे हापूस मांडावेत तशी. "सांग त्यांना, आपल्याकडे पण गेंड्याचं काम आहे. येमेनला जातात. तिथे खंजिराच्या मुठी करतात. एक नंबर माल."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. "काय म्हणतायत?"

मी शब्दन् शब्द सांगितला. डॉक्टर वाकले, एक शिंग उचललं, त्याच्या बुडाशी चिकटलेली वाळकी कातडी अंगठ्याने चाचपली आणि ते परत जागेवर ठेवलं. मग बाहेर जाऊन पिंजऱ्याशी बसले.

"रागावले काय रे? मला वाटलं खूश होतील," मामू म्हणाले.

"मामू, शिंगासाठी जनावर मारतात. हिची आई तशीच गेली."

"मारतात? गळून पडतं ना ते? सांबराचं पडतं तसं."

"नाही पडत."

ते त्या शिंगांकडे बघत राहिले. मग हळूहळू एकेक गोणीत भरू लागले. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "राहू दे. तू हात लावू नकोस." त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, की कधी विचारलंच नव्हतं, ते मी अजून सांगू शकत नाही. मी मात्र तिथे उभ्या उभ्या माझ्या शाळेच्या गणवेशापर्यंत मागे गेलो. तो कुठून आला होता? मला बाहेर डॉक्टरांसमोर जायची लाज वाटत होती आणि आत मामूंसमोर उभं राहायचीही.

डॉक्टरांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

ईदनंतर मामू न सांगता अल ऐनला आले. हातात लसूणघासाची पेंढी. कुंपणाशी उभे राहून त्यांनी पिल्लाला भरवलं. तिने पेंढीबरोबर त्यांची बोटंही ओठांत धरली. "ते काम खलास केलं. भागीदाराला देऊन टाकलं," ते म्हणाले. म्हणजे गोणी त्याच बंदरातून त्याच वाटेने जात राहिल्या. हे त्यांनाही कळत होतं, कारण बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, "हिची आई केवढी असेल रे?" मी हाताने उंची दाखवली.

पुढे माझा सगळा जन्म याच कामात गेला. आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात गेंड्यांच्या राखणीवर होतो. तिथल्या पहिल्याच महिन्यात काटेरी झुडपात एक मेलेली मादी सापडली, नाकाच्या जागी खड्डा आणि त्यावर माश्या. मी बाजूला जाऊन खाली बसलो. पहारेकऱ्यांना वाटलं, नवीन माणूस आहे, रक्ताला घाबरला. त्यांच्यातला एक म्हातारा पाण्याची बाटली घेऊन आला, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "होतं असं. सवय होईल."

मी मान हलवली आणि पाणी प्यालो.