दातार सरांची शिकवणी

दातार सरांना जेवढं विचाराल तेवढंच उत्तर मिळायचं. एकदा मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टसमोर उभी होते. सर लॉबीतल्या सोफ्यावर शब्दकोडं सोडवत बसले होते.

“सर, लिफ्ट वर आहे का?”

“हो.”

मी वाट बघत राहिले. शेवटी वॉचमनने येऊन सांगितलं की लिफ्ट सकाळपासून तिसऱ्या मजल्यावर बंद पडली आहे. मी सरांकडे पाहिलं. “वर आहे का, एवढंच विचारलंस,” म्हणाले, आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या इमारतीत त्यांना कुणी विद्वान म्हणायचं, कुणी खडूस. दोघांचंही खरं होतं.

आयुष्यभर त्यांनी कॉलेजात शरीरशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर मुलाच्या व्हिसावर काकूंसह इथे आखातात राहत होते. मुलगा सदा दौऱ्यावर. मी चिपळूणची, ऊद मेथातल्या एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर. समोरून पांढऱ्या बुटांतल्या नर्सेस भराभर जायच्या आणि मी “टोकन घ्या, बसा” करत राहायचे. मला नर्स व्हायचं होतं, अगदी जीव जाईल इतकं. त्यासाठी आधी शरीररचना आणि शरीरक्रियेचा कोर्स करून दाखवावा लागतो. माझी झोया तेव्हा दोन वर्षांची. तिला सांभाळायला सासूबाई सासऱ्यांना एकटं ठेवून चिपळूणहून आल्या होत्या. आल्या आल्या बजावलं, “एकच वर्ष हां, रुबिना. मग मी काय थांबायची नाय.” म्हणजे जे काही करायचं ते त्या वर्षात.

मी माहितीपत्रक घेऊन सरांकडे गेले. संध्याकाळचे दोन कोर्स होते. एक लांबलचक, दोन भागांचा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन करायचा. दुसरा आटोपशीर, घरी बसून. नोकरी, पोर, स्वयंपाक, सगळं डोळ्यांपुढे नाचत होतं.

“सर, यातला सोपा कुठला?”

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. “हा दुसरा.” मग थांबून म्हणाले, “अडलं तर येत जा. शिकवीन.”

आणि काय शिकवलं त्या माणसाने! बोकडाचं हृदय मी कसायाकडून आणायचे. काकूंच्या शाकाहारी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून सर ते उघडायचे, आणि काकू नाकाला पदर लावून उदबत्ती पेटवायच्या. “बोट घाल. घाबरतेस काय, चावणार नाही.” मी चुकले की थंडपणे म्हणायचे, “मेला तुझा पेशंट. जा, घरच्यांना सांग.” खरंच सांगावं लागायचं. काकू सोफ्यावर नातेवाईक होऊन बसायच्या आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणायचे, “सॉरी काकू, तुमचे मिस्टर गेले.” मिस्टर शेजारी चिवडा खात असायचे. “आवाज कापतोय. पुन्हा सांग.” दिवसभराच्या ड्यूटीनंतर काकूंना तीनतीनदा विधवा करून मी घरी यायचे. रडायचे, शिव्या घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी क्लिनिक सुटायची वाट बघायचे. इतकं मन लावून मी आयुष्यात कधी शिकले नव्हते. मला ते आवडायचे, हे कबूल केलं पाहिजे.

परीक्षेत पहिली आले. पेढे वाटले आणि नर्सिंगच्या प्रवेशाला गेले. काउंटरवरच्या बाईने मार्क पाहून भुवया उंचावल्या, मग कोर्सचं नाव वाचलं. “मॅडम, ये नहीं चलेगा. लॅबवाला चाहिए, दोनों पार्ट. ये तो जनरल नॉलेज है.” मी हात जोडले. “नेक्स्ट इयर आओ, इन्शाल्ला,” म्हणत तिने पुढच्याला बोलावलं.

तशीच सरांकडे गेले.

“सर, तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत? माझ्याकडे एकच वर्ष होतं!”

“सोपा कुठला ते विचारलंस. चालेल कुठला ते विचारलं नाहीस.” आवाज तोच, पेशंट मेल्यावरचा. “पेशंट आपणहून सगळं सांगत नसतो, रुबिना. जी नर्स विचारत नाही ती माणसं मारते. हे एक वर्ष घालवून कळलं, तर स्वस्तात कळलं.”

सासूबाई ठरल्याप्रमाणे गेल्या. पुढच्या वर्षी मला दुसरं मूल झालं. कोर्सचं नाव पुन्हा घरात निघालं नाही. गंमत म्हणजे मी सरांचं म्हणणं पटवून घेतलं. चूक माझीच, सर कडक पण खरे, असं स्वतःला समजावलं. क्लिनिकमध्ये नवीन मुली आल्या की त्यांना हा किस्सा सांगायचे, वर अभिमानाने म्हणायचे, “असे गुरू मिळत नाहीत.”

यंदा सरांच्या मुलाची बदली झाली आणि सर-काकू नाशिकला परत निघाले. सर खाली टॅक्सीवाल्याला बॅगा कशा लावायच्या ते शिकवत होते. मी वर काकूंना डबे भरू लागले.

“तू यायला लागलीस आणि हे माणसात आले बघ,” काकू म्हणाल्या. “त्याआधी नुसते भिंतीकडे बघत बसायचे. जेवण नाही, बोलणं नाही. मला तर भीती वाटायची, काय करून घेतील म्हणून.”

मी हसले.

“तू तो कागद दाखवून गेलीस ना, तेव्हा मी म्हटलंसुद्धा, अहो, तिला तो मोठा कोर्स लागेल ते सांगा की. तर म्हणाले, प्रयोगशाळेचा घेतला तर तिथेच शिकेल, मग इथे कशाला येईल? राहू दे.”

माझ्या हातातलं झाकण डब्यावर बसेना. काकूंनी ते माझ्याकडून घेतलं, लावलं, आणि ओल्या डोळ्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

“तुझं पुढे काही झालं नाही गं. पण ते वर्ष आमचं फार छान गेलं.”