द्वारकावन्सं आणि जुईचा घास

दुपारचं ऊन खिडकीच्या गजांवरून सरकत दिवाणापर्यंत येतं, तेव्हा प्रमिलाबाईंचे डोळे जडावतात. खरं म्हणजे त्या झोपायला म्हणून आडव्या झालेल्याच नाहीत. त्या रुसून आडव्या झाल्यात. रुसलेल्या माणसाने डोळे उघडे ठेवून छताकडे बघायचं असतं आणि दारातून कुणी डोकावलं की कूस बदलायची असते, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना चांगलं जमतं. पण पंख्याची घरघर, स्वयंपाकघरात सुनेने हलक्या हाताने ठेवलेलं पातेलं आणि पोटातली भुकेची बारीक कुरकुर, या सगळ्यांची मिळून अंगाई होते.

भांडण नातीच्या जेवणावरून झालंय. जुई चार वर्षांची व्हायला आली. मान तिने उशिरा धरली, बसली उशिरा, चालायला तर दोन वर्षं उलटून गेल्यावर लागली. हाताला ओलं, चिकट काही लागलेलं तिला अजूनही खपत नाही. भाताचं एक शीत बोटाला चिकटलं तरी हात अंगापासून लांब धरून ती अशी रडते, जणू बोट भाजलंय. म्हणून प्रमिलाबाई भरवतात. एक घास चिऊचा, एक काऊचा, मग रस्त्यावरची रिक्षा, मग समोरच्या गच्चीवरचं मांजर. जुईचे डोळे मांजरावर असतात तोवर वाटी रिकामी होते. आपण जेवलो हे पोरीला कळतही नाही, आणि याची प्रमिलाबाईंना भारी ऐट.

बागवान मॅडमना मात्र नेमकं हेच पसंत नाही. बागवान मॅडम मिरजेतच ऑक्युपेशनल थेरपी करतात. जेवणं, बटण लावणं, जिना चढणं, अशी रोजची कामं जी मुलं उशिरा शिकतात, त्यांना त्या ती खेळवत खेळवत शिकवतात. गेल्या खेपेला त्या हसून म्हणाल्या, "आजी, आता तुमचा हात जरा मागे घ्या." आणि आज सकाळी केतकीने, म्हणजे सुनेने, कणीक मळता मळता सांगून टाकलं, "आई, आजपासून जुईला भरवायचं नाही. जूनमध्ये बालवाडीत घालायचंय. तिथे डबा कोण भरवणार?"

"आणि पोर उपाशी राहिली तर?"

"एखाद्या वेळी कमी खाईल."

"मग मीही जेवत नाही," असं म्हणून प्रमिलाबाई दिवाणावर आल्या. आता डोळे मिटतायत, तर त्या ते मिटू देतात.

दिवाणाच्या पायथ्याशी कुणीतरी बसतं. गादी त्या बाजूला चांगली खचते.

"सरक गं जरा, प्रमिले. सगळा दिवाण आंदण मिळालाय का तुला?"

हा आवाज त्या कुठेही ओळखतील. द्वारकावन्सं. प्रमिलाबाईंची थोरली नणंद. सहा वर्षांपूर्वी गेल्या, जुईच्या जन्माआधी. अंगावर तेच वांगी रंगाचं लुगडं, दाढेखाली सुपारी. प्रमिलाबाई पाय आवरून उठून बसतात, तर दिवाण नाहीच. ही बागवान मॅडमची खोली आहे. खाली निळी गादी अंथरलेली, कोपऱ्यात भलामोठा चेंडू, आणि छताला टांगलेला कापडी झोका. झोक्यात द्वारकावन्सं बसल्यात आणि पाय हलवतायत.

"वन्सं, उतरा. तो मुलांचा आहे. तुटेल."

"मेलेल्या बाईला कसलं आलंय वजन?"

वरची कडी करकरते. दोघी वर बघतात, मग एकमेकींकडे.

"सवयीने वाजते ती," वन्सं म्हणतात. "मी रोज दुपारी येते इथे. तिकडे सगळे झोपलेले असतात. अण्णा, तुझे सासरे, तर अजून घोरतात."

"तिकडेही?"

"तिकडे तर भिंतीही नाहीत आवाज अडवायला." झोका एकदा पुढे जाऊन येतो. "ते राहू दे. पोरीचं बारसं केलंत, तेव्हा नाव कुणी ठेवलं? आमच्या हेमंताला बहीण नाही. त्याच्या लेकीचं नाव ठेवायचा मान माझा होता."

"तुम्ही नव्हतात हो."

"थांबला असतात तर आले असते. कुणी ठेवलं?"

"समोरच्या सुलभाने."

"त्या सुलभाने? जिला धड कुंची शिवता येत नाही?" वन्सं सुपारी या गालातून त्या गालात नेतात. "असो. जुई चांगलं आहे. मी इंदिरा ठेवणार होते."

प्रमिलाबाईंना मनातून सुलभाचे आभार मानावेसे वाटतात. पण आता बरं माणूस भेटलंय. चार पोरं आणि अकरा भाचरं वाढवलेली बाई. त्या पदर खोचतात आणि सकाळचं सगळं गाऱ्हाणं मांडतात. केतकी काय म्हणाली, कोणत्या स्वरात म्हणाली, कणीक कशी आपटली. "तुम्हीच सांगा वन्सं. पोटच्या पोरीला कुणी उपाशी ठेवतं का?"

"बागवानांची मुलगी बरोबर सांगते," वन्सं म्हणतात.

प्रमिलाबाई खोचलेला पदर सोडतात. मग म्हणतात, "मेल्यावरही तुम्ही माझ्या बाजूने बोलायच्या नाहीत."

"जिवंतपणी कधी बोलले होते? चल, चप्पल काढ."

मॅडमच्या खोलीत तांदळाने भरलेला एक टब असतो. मुलं त्यात हात घालून लपवलेली लाकडी जनावरं शोधतात. प्रमिलाबाई त्यात पाय ठेवतात, तो घोट्यापर्यंत जातो आणि टबाला कडच राहत नाही. समोर कृष्णेचा घाट आहे, पण पाण्याच्या जागी तांदूळ आहे. सगळी नदीच तांदळाची, उन्हात चमकत संथ वाहणारी. पलीकडून एक नावाडी तांदळातून नाव वल्हवत येतोय आणि वल्ह्यावरून दाणे निथळतायत. पायाला गुदगुल्या होतात.

"बरं वाटतंय ना?" वन्सं विचारतात.

"हो. कोरडं आहे म्हणून."

"मग पोरीलाही कोरड्यापासून सुरुवात का नको? आधी तांदूळ, मग डाळ, मग कोरडं पीठ. पीठ चाललं की मळलेली कणीक. कणीक चालली की तिला थोडं तेल लावायचं. तू एकदम वरणभातच पुढे ठेवतेस आणि वर म्हणतेस, बघा, रडली."

"ओलं तिला खपतच नाही हो."

"तिला खपत नाही ते खपत नाही. पण ताट यायच्या आधी ओला रुमाल घेऊन उभं कोण राहतं? पोरीला वाटत असेल, आजी एवढी घाबरते, म्हणजे भातात काहीतरी भयंकरच असणार."

प्रमिलाबाईंना हसू येतं आणि ते त्यांना आवरावं लागतं, कारण रुसवा अजून संपलेला नाही. हातात खरोखरच ओला रुमाल आहे. त्या तो पाठीमागे लपवतात.

घाटाच्या पायऱ्या चढून वर गेलं की वन्संची गच्ची लागते. सतरंजीवर बायका गोल बसल्यात, मधे परात, परातीत दुधात भिजवलेल्या रव्याचा गोळा. कुणाच्या तरी लग्नासाठी गव्हले चाललेत. पिठाची दोऱ्यासारखी बारीक वळी करायची, आणि चिमटीने तिचे गव्हाएवढे दाणे तोडून ताटात टाकायचे. पुढे त्यांची खीर व्हायची. प्रमिलाबाई खाली बघतात, तर आपल्या हातात हिरवा चुडा. लग्न होऊन महिनाही झालेला नाही. माहेरी आई लहानपणीच गेलेली, गव्हले त्यांनी कधी पाहिलेलेच नाहीत. त्यांच्या बोटांतून गव्हले नाही, वालाच्या डाळिंब्या पडतायत.

"खिरीऐवजी उसळ करू या," कुणीतरी म्हणतं आणि सगळी सतरंजी हसते.

तरण्या, सडसडीत द्वारकावन्सं शेजारी येऊन बसतात. सांगत काही नाहीत, रागावतही नाहीत. आपल्याच तळहातावर झरझर वळी करतात, तिचं टोक बारीक करून प्रमिलेच्या चिमटीपुढे धरतात. "तोड," एवढंच. प्रमिला तोडते. नेमका दाणा पडतो. पुन्हा वळी, पुन्हा तोड. ताटात दाणे साचत जातात. वन्सं ताट उचलून सगळ्यांना दाखवतात, "हे बघा, आमच्या वहिनीने केलेले." दुसऱ्या दिवशी वन्सं वळी अर्धीच करून देतात. तिसऱ्या दिवशी पिठाचा गोळाच हातात देतात आणि स्वतः लांब जाऊन सुपारी कातरत बसतात.

"म्हणजे ते मी केलेले नव्हतेच," प्रमिलाबाई म्हणतात. चुडा हातातच आहे, पण आवाज आत्ताचा, म्हातारा आहे. "मी इतकी वर्षं समजत होते, मला आपलं आपणच आलं."

"तू समजावंस म्हणूनच तर. सगळं मी करायचे, शेवटचं तेवढं तुझ्याकडे ठेवायचे. ज्याच्या हातून पुरं होतं, त्याला आणखी करावंसं वाटतं. तू काय करतेस? घास कालवतेस तू, उचलतेस तू, तोंडापर्यंत नेतेस तू, वर गिळ म्हणूनही सांगतेस तूच. पोरीला काही शिल्लक ठेव की. घास चमच्यात भर, चमचा तिच्या हातात दे, तोंडाजवळ आण आणि शेवटची वीतभर वाट तिची तिला जाऊ दे."

"सांडेल."

"सांडेल. घरात फडकं आहे ना?"

बायका एकेक करून उठून जातात. गच्चीवर उन्हात फक्त ताट उरतं. प्रमिलाबाई बोटाने एक गव्हला इकडून तिकडे ढकलत राहतात. मग जे केतकीला सांगता आलं नाही, मुलाला तर नाहीच नाही, ते खाली मान घालून म्हणतात.

"वन्सं, ती आपल्या हाताने जेवायला लागली, तर मी दुपारी काय करू?"

वन्संच्या दाढेखालची सुपारी थांबते.

"जेव," त्या म्हणतात. "गरम जेव. लग्न झाल्यापासून तुला गरम पानावर बसलेली मी पाहिली नाही. आधी सासरे, मग हेमंत, मग ही. तिच्या शेजारी आपलं ताट घेऊन बस. पोरं सांगून शिकत नाहीत, शेजारचं तोंड बघून शिकतात."

"आणि गोष्टी? चिऊकाऊ?"

"त्या जेवणानंतर. जेवताना तिला जेवणाकडे बघू दे. मांजर कुठे पळून जात नाही."

गच्चीचं दार उघडून त्या आत येतात, तर स्वयंपाकघर. पण ओटा फार उंच आहे, छत त्याहून लांब. प्रमिलाबाई जुईच्या लहान खुर्चीत बसल्यात. पाय लोंबकळतायत, त्यामुळे सगळं अंगच डुगडुगतंय. कुकरची शिट्टी आगगाडीसारखी अंगावर येते. पुढ्यातल्या बशीत वरणभाताची वाफ, आणि आपला हात मात्र आपला वाटतच नाही. जाडजूड रजईत गुंडाळल्यासारखा तो कुठेतरी पडलाय. हालव म्हटलं तर भलतीकडेच जातो.

"मला नाही येत," प्रमिलाबाई म्हणतात, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना कळतं, पोरीला रोज काय होत असेल ते.

वन्सं खाली बसतात, एक पाट त्यांच्या पायांखाली सरकवतात. पाय टेकतात आणि डुगडुगणं थांबतं. मग वन्सं आपला तळहात त्यांच्या कोपराखाली ठेवतात. मनगट धरत नाहीत, ओढत नाहीत. नुसता आधार. आणि वाट बघतात. काही बोलत नाहीत. द्वारकावन्सं समोर बसून गप्प राहिल्यात असं उभ्या आयुष्यात घडलेलं नाही, म्हणून प्रमिलाबाई त्यांच्याकडे बघतच राहतात. बघता बघता हात उचलला जातो. चमचा तिरका होतो, अर्धा घास मांडीवर पडतो. वन्संचा चेहरा हलत नाही. उरलेला अर्धा घास वर येतो. आता ओठ थोडेच लांब आहेत. कोपराखालचा तळहात हळूच निघून जातो.

प्रमिलाबाई तोंड उघडतात.

हनुवटीला काहीतरी गार, ओलं लागतं आणि त्यांना जाग येते.

दिवाणापाशी जुई उभी आहे. तोंडाभोवती पिवळं, फ्रॉकवर पिवळं, आणि उजव्या हाताचं मधलं बोट ताठ. ते बोट ती आजीच्या हनुवटीवर एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर नीट पुसून घेते. रडत नाही. नाक मात्र मुरडलंय.

दारात केतकी उभी आहे, दोन्ही हात पाठीमागे. डोळे भरलेत आणि हसतेय.

"झोपमोड झाली ना? मी तिला अडवलं नाही. बोटाला लागलं, तशी रडवेली झाली. मी रुमाल दिला नाही. मग तुम्हाला शोधत आली."

"जेवली?"

"एक घास. चमच्याने, आपल्या हाताने. दुसरा खुर्चीखाली आहे."

"एकच?"

"एकच. मग मी थोडं भरवलं. मॅडम म्हणाल्याच होत्या, उपाशी ठेवायचं नाही म्हणून. ते मी सकाळी सांगणार होते, पण तुम्ही तरातरा निघून आलात."

प्रमिलाबाई उठून बसतात. जुई त्यांच्या हनुवटीकडे मोठ्या कौतुकाने बघतेय. आपण केलेलं काम बघावं तसं. आजीचा हात पदराकडे जातो, अर्ध्यावर थांबतो आणि परत मांडीवर येतो. मग त्या जिभेचं टोक काढून ओठाखाली लागलेलं वरण चाखतात.

"मीठ कमी आहे, केतकी."

"तिच्या वाटीत कमीच घालते. तुमच्यात बरोबर आहे."

"मग वाढ मला. गरम करून वाढ. आणि हिची खुर्ची माझ्या शेजारी ओढ. बसू दे बघत."

केतकी आत जाते. गॅस पेटल्याचा आवाज येतो. प्रमिलाबाई जुईचं स्वच्छ बोट धरून स्वयंपाकघराकडे निघतात, आणि हनुवटीवरचं वरण वाळता वाळता कातडीला हलकेच ताण देत राहतं.