दुष्काळात धुतलेली गाडी

परवा रविवारी दारात गाडी धुताना रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी माझा फोटो काढला आणि आमच्या भागातल्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'प्यायला पाणी नाही आणि साहेबांची गाडी बघा.' राग आला... पण त्याचं तरी काय चुकलं? चौसाळ्याजवळचं आमचं गाव, टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही माहीत नसतं.

मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. गाडी धुण्याच्या बाबतीत पहिल्यापासून किरकिरा माणूस. ऊन तापायच्या आत, लिंबाच्या सावलीत, टपापासून खाली धुवत यायचं. चाकांचं फडकं वेगळं. पाणी गाडीवर वाळू द्यायचं नाही, डाग पडतात... जुन्या धोतरानं लगेच टिपून घ्यायचं. बायको म्हणायची, लेकरांना कधी एवढं निगुतीनं न्हाऊ घातलं नाहीत!

यंदा दिवाळीनंतर ते सगळं बंद. पांढरी गाडी मातकट झाली. संस्थेत येणारं दूधही निम्म्यावर आलं... जनावरांना पाजायलाच पाणी नाही, तर दूध कुठून येणार?

शेजारचे बप्पा आणि त्यांचा मुलगा दत्ता विहीर खोल करत होते. दत्ता रोज सकाळी संस्थेत दूध घालायला यायचा. "म्हशी तगल्या पायजेत, राजाभाऊ," एवढंच म्हणायचा. गेल्या गुरुवारी क्रेननं दगड वर काढताना एक निसटला आणि तळाशी उभ्या असलेल्या दत्ताच्या डोक्यात पडला.

माझ्याच गाडीतून त्याला बीडला नेलं. मागच्या सीटवर बप्पा, त्यांच्या मांडीवर त्याचं डोकं. मांजरसुंब्याचा घाट लागेपर्यंत तो कण्हत होता... मग आवाज थांबला. बप्पा मात्र दवाखाना येईपर्यंत त्याच्याशी बोलतच राहिले.

परत आल्यावर गाडीवर ताडपत्री टाकली. सीटवर रक्त होतं, विहिरीतली माती होती, दारावर ओघळ होते. धुवायला पाणी नव्हतं, आणि खरं सांगतो... मागचं दार उघडायची हिंमतही नव्हती.

रविवारी सकाळी बप्पा आले. हातात झाकलेली बादली. "गाडी धुवून घे, राजाभाऊ. लेकराचं रगत आसं ठिवू नको."

मी विचारलं, पाणी कुठून आणलंत? बप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. "इहिरीला लागलंय. त्यो हुबा व्हता, तितंच."

आमच्याकडं विहिरीला पाणी लागलं की मालक आधी ओंजळभर पितो. गोड आहे की मचूळ ते सांगतो, मग नारळ फुटतो, साखर वाटतात. या विहिरीचं पाणी कुणी चाखलंच नव्हतं. घरातल्या घागरी रिकाम्या, सून आणि लेकरं टँकरची वाट बघत बसलेली... पण ते पाणी तोंडाला लावायला कुणी धजत नव्हतं.

आम्ही दोघांनी मिळून सीट धुतली. रक्ताला थंड पाणीच लागतं. घासायचं नाही, टिपत राहायचं. फडकं बादलीत न बुडवता मग्यानं पाणी घ्यायचं, म्हणजे बादलीतलं चांगलं राहतं. मी टिपत होतो, बप्पा फडकं पिळत होते. नंतर बाहेरचे ओघळ धुतले... तो फोटो तेव्हाचा आहे.

बादलीत थोडं पाणी उरलं. मी ते लिंबाच्या बुडाशी ओतायला निघालो, तर बप्पांनी माझा हात धरला. बराच वेळ बादलीत बघत राहिले. मग हात धुतले, ओंजळ भरली आणि प्यायले.

"गोड हाय," म्हणाले.

आणि तिथंच गाडीच्या चाकाला टेकून बसले आणि रडले. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही... तेव्हा रडले. मी शेजारी बसून राहिलो.

दुपारी त्यांची सून घागर घेऊन विहिरीवर गेली. लेकरं पाणी प्यायली, म्हशींनाही मिळालं. गावात कुणी साखर मागितली नाही.

पाणी गोड लागलं, हे बप्पांना सगळ्यात आधी दत्ताला सांगायचं होतं... ते मला ऐकावं लागलं.