कुंभारणीचं घर

माझा पेट्रोलवरचा जुना, छोटा ट्रक पावसाळाभर आलापल्लीच्या घरी अंगणात उभा होता. बायको वारल्यापासून मला कुठे जायचंच नसतं. दिवाळीनंतर तो चालू केला, तर रेस दिली की धडधडायचा आणि पाय काढला की काळा धूर सोडून बंद पडायचा. मिस्त्रीनं दुरूनच पाहिलं. म्हणाला, "भाऊ, काऊन डोकं लावून राह्यले? भंगारात देऊन टाका न." मी त्याला हाकलून दिलं. म्हातारं झालं म्हणून कोणाला भंगारात देतात काय?

मग मीच बसलो. प्लग साफ केले, रेस न देता इंजिन चालू ठेवणारा स्लोचा स्क्रू फिरवून पाहिला, पेट्रोलचे बारीक जेट काढून फुंकले. फरक शून्य. शेवटी कार्बोरेटरला हवा देणारी बारीक नळी पाहिली, तर तिचं तोंड मातीनं लिंपलेलं. कुंभारीण माशीनं आत घर केलं होतं. बायको असती तर तिनं हात लावू दिला नसता. "कुंभारणीनं घर केलं का पाळना हालते," असं ती दरवेळी म्हणायची. आमचा काही कधी हलला नाही.

मी तारेनं सगळी माती उकरून काढली. ट्रक लगेच स्लोवर लागला, एकसारखा, कुठेही न अडखळता. मी बॉनेटपाशी ऐकत उभा राहिलो. अख्ख्या वर्षात माझ्याकडे राहायला आलेलं ते एकच बिऱ्हाड होतं, आणि तेही मीच हुसकून लावलं.