मंदाची लवंग

बुवांचं नमन संपतं. पेटीचा सूर मागे रेंगाळत राहतो आणि माझ्या पापण्या त्याच्याबरोबर खाली येतात. कीर्तनात डोळा लागला तर पुण्य अर्धं होतं, असं माझी आई सांगायची. उरलेलं अर्धं तरी मिळतं ना, असं मी विचारायचे, आणि ती हसून माझं डोकं मांडीवर घ्यायची. आज मांडी नाही, देवळाचा खांब आहे. दत्ताच्या उत्सवाचा रविवार, मार्गशीर्षातलं तिसऱ्या प्रहरचं ऊन सभामंडपात पसरलेलं, पंगतीत आमटी वाढून वाढून खांदा भरून आलेला.

बुवा अवधूताचे चोवीस गुरू सांगताहेत. आज पाळी एका मुलीच्या काकणांची. घरी पाहुणे आलेत, ती आत साळी कांडते आहे, आणि हातातली काकणं वाजून वाजून घरचं दारिद्र्य ओसरीवर नेऊन पोचवताहेत. लाजेनं ती एकेक काकण उतरवते. "दोन उरली तरी वाजणारच की हो!" बुवा म्हणतात, आणि मागची झांज खणकन वाजते.

"सरक की जरा. खांब काय माहेरून आणलास?"

मी सरकते. मंदा पाय दुमडून शेजारी बसते. तीच मोरपंखी साडी, तोच डावा गाल किंचित फुगलेला. लवंगेचा वास येतो.

मंदा शेट्ये दिवाळीच्या सुट्टीत गेली. कावीळ झाली आणि पंधरवड्यात आटोपलं. गेलेलं माणूस स्वप्नात आलं की भीती वाटते म्हणतात. मला राग येतो. इथेसुद्धा? माझ्या देवळात, माझ्या खांबाशी?

"कशी काय आलीस?" मी विचारते.

"कीर्तनाला. सवय तूच लावलीस ना?"

खरं आहे, मीच लावली. आम्ही दोघी देवरुखला एकाच कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावी-बारावी वाणिज्य. मी पुस्तपालन शिकवायचे, ती वाणिज्य संघटन. ती बाजारपेठेतल्या शेट्यांची लेक, वडिलांचं वाणसामानाचं दुकान. देवळात यायची ती हळदीकुंकवाला. एका उत्सवात मी हाताला धरून तिला कीर्तनाला बसवलं. बुवांच्या भक्तीनं माझे डोळे भरून आले होते, आणि ही बाई बुवांकडे अशी बघत होती, की जणू शेजारच्या दुकानात गिऱ्हाईक का वाढलं ते तिला शोधून काढायचंय.

आणि सोमवारी बारावीच्या वर्गात तिने पूर्वरंग मांडला. आधी नमन, म्हणजे मागच्या धड्याचा गजर, सगळ्या वर्गाने एका सुरात. मग पूर्वरंगात तत्त्व. मग उत्तररंगात आख्यान. महिनाभरात अकरावीची मुलं खिडकीला लोंबकळून बारावीचा तास ऐकू लागली.

कीर्तन माझं. जन्मल्यापासून माझं. आणि वन्स मोअर तिला.

"बारावी कुठवर आली?" मंदा विचारते. मेल्यावरसुद्धा हिची पोर्शनची चिंता काही सुटत नाही.

"उजळणी चालू आहे. उद्या पहिल्या तासाला व्यवस्थापनाची तत्त्वं. आदेशातील एकवाक्यता."

"म्हणजे माझा मारीच!"

"हो बाई. तुझा मारीच."

आदेशातील एकवाक्यता म्हणजे काय, तर एका माणसाला हुकूम देणारा वरिष्ठ एकच असावा. पुस्तकात एवढंच आहे. मंदा त्यावर मारीच लावायची. इकडून रावण म्हणतो जा, तिकडून रामाच्या बाणाची धास्ती सांगते नको जाऊस. "आणि मुलांनो," ती आवाज खाली आणायची, "दोन साहेबांच्या मध्ये सापडलेल्या माणसाचं काय होतं?" वर्ग ओरडायचा, "हरीण!" बँकेत लागलेली पोरं अजून रस्त्यात भेटतात आणि सांगतात, मॅडम, आमच्या शाखेत सगळ्यांची हरणं झालीयेत. मला सांगतात. मी हसते. माझ्या पुस्तपालनातलं एक वाक्य कधी कुणाला रस्त्यात आठवलेलं नाही.

"तू घेणार ना मारीच?" मंदा विचारते.

"मी काहीच घेणार नाही. उद्या तास झाला की सरांना सांगणार आहे, मला संघटन नको. रत्नागिरीहून तासिकेवर एक मुलगी यायला तयार आहे. मी माझ्या पुस्तपालनात बरी."

"परीक्षा तोंडावर आलीय, आणि पोरांना तिसरी बाई?"

"मग तू कशाला गेलीस?"

हे मी जोरात बोलते. कुणी वळून बघत नाही. समोर बसलेल्या बायकांच्या पाठी निळ्या-पांढऱ्या होत होत जातात, आणि त्या पाठी नाहीतच, बारावीचे गणवेश आहेत. खांब माझ्या पाठीला टेकलेलाच आहे, पण आता ते वर्गातलं लोखंडी कपाट आहे. दत्ताच्या समया फळ्याच्या दोन्ही बाजूंना तेवताहेत.

पहिल्या बाकावर अस्मिता गुरव उभी राहते. ही खरोखरची. दिवाळीनंतर मी त्या वर्गावर मंदाचा तास घ्यायला पहिल्यांदा गेले, थेट फळ्यावर व्याख्या लिहायला लागले, तेव्हा ही अशीच उठून म्हणाली होती, "मॅडम, नमन राहिलं." उद्धटपणा नव्हता त्यात. देवापुढे दिवा लावायचा राहिला हे सांगावं, तसं म्हणाली होती. म्हणूनच जास्त लागलं.

"मॅडम, नमन राहिलं," अस्मिता म्हणते. पण बघते मंदाकडे.

मंदा चौथऱ्यावर चढते. खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. मुलं रांगेनं येऊन तिच्या पाया पडताहेत. मीही रांगेत आहे. कधी लागले ते कळत नाही. नारदाच्या गादीवर जो उभा असेल त्याच्या पाया पडायचं, मग तो पोटचा मुलगा का असेना. हा रिवाज मीच हिला सांगितलेला. तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे एक दिवस तुला माझ्या पडावं लागणार तर!" आम्ही दोघी केवढ्या हसलो होतो.

माझी पाळी येते. कंबर वाकत नाही.

"गुडघे दुखतात का गं?" मंदा वरून विचारते. डोळ्यांत मिस्कीलपणा.

"दत्ता, दिगंबरा," मी मनात म्हणते, "नाक घासून मागितलं ते मला दिलं नाहीस. आणि हिनं हळदीकुंकवाच्या वाटेवर उचललं." मी वाकते. माझ्या बोटांना तिच्या पायांऐवजी बाजारपेठेतली फरशी लागते. थंड, गुळाने चिकट झालेली. आम्ही शेट्यांच्या दुकानात आहोत. फळीवर काचेच्या बरण्या. पोरं बाकांसकट बाहेर रस्त्यावर बसली आहेत, अधूनमधून साखरप्याची एसटी त्यांना वळसा घालून जाते.

मंदा लवंगेच्या बरणीत हात घालते, एक निवडून गालात टाकते.

"मला दे एक," मी म्हणते. जिवंतपणीही मी मागायचे.

"लवंग आणि घसा दुसऱ्याला द्यायचा नसतो." जिवंतपणीही ती हेच म्हणायची.

"चिकट मारवाडीण!"

"शेट्ये आम्ही. मारवाड्याला नावं ठेवू नकोस, त्यांची पेढी आमच्याहून जुनी." ती हसते, चिपळ्या उचलते. "चल, उभी राहा मागे. ध्रुपद धर."

मागे. अर्थात मागे. ती पद म्हणणार आणि मी शेवटची ओळ धरून ठेवणार, पुन्हा तिने उचलेपर्यंत. मी झांज घेते. एवढंच आपल्या नशिबी, तर एवढं तरी सुरात करू.

मंदा एक पाऊल पुढे टाकते, मान उचलते, तोंड उघडते.

आवाज येत नाही.

ती पुन्हा तोंड उघडते. ओठ हलताहेत, मारीच, रावण, राम, सगळं ओठांवर दिसतंय. पण चिपळ्यासुद्धा वाजत नाहीत. दुकानातल्या बरण्या पुसट होताहेत. मुलं वाट बघताहेत. तिच्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून.

ती माझ्याकडे वळते. मग बोलते, आणि ते मला ऐकू येतं. फक्त मला.

"बघितलंस? तिकडे सगळं आहे. घसा नाही. तुला उद्या पहिला तास आहे, आणि तो तू सरांना परत करायला निघालीस. थोबाडीत मारावंसं वाटतं तुझ्या."

"तू जळतेस माझ्यावर?" माझा विश्वास बसत नाही.

"आजच्यासारखी कधी नाही जळले. पण आधीही जळायचेच."

"तू? माझ्यावर?"

"तू रडायचीस ना कीर्तनात." ती उपरण्याचा काठ बोटाला गुंडाळते. "मी बुवांकडे बघत बसायचे. कुठे थांबतो, कुठे हसवतो, कुठे आवाज पाडतो. सगळं उचललं मी. आणि बाजूला तू, पदर ओला करून बसलेली. ते काही मला उचलता आलं नाही. वाटायचं, हिला आत काय ऐकू येतं, जे मला येत नाही? मारीच सांगताना पोरं रडायची, पण मी नाही गं रडले कधी. एकदाही."

इतकी वर्षं मी जिच्या ताटाकडे बघत जेवले, ती माझ्या ताटाकडे बघत होती.

"मग कसा गं सांगू मारीच?" मी विचारते.

"सांगूच नकोस. तो माझा आहे." आणि एकदम जुनी मंदा होते. "खबरदार हात लावलास तर."

दुकान नाही. शिक्षकांची खोली आहे, मधोमध उखळ, आणि एक मुलगी साळी कांडते आहे. तिचं तोंड अस्मिताचं. काकणं वाजताहेत. मुलं वह्या उघडून बसली आहेत आणि मी बोलते आहे. माझाच आवाज, खरखरीत, नेहमीचा.

"बघा मुलांनो, एक काकण म्हणतं उचल, दुसरं म्हणतं टाक. मुसळ एकच, हुकूम दोन. गोंगाट तिथे होतो. म्हणून ती एकेक उतरवते. शेवटी हातात एकच राहतं. मग काम बिनबोभाट होतं. आदेशातील एकवाक्यता."

अस्मिता उखळातून वर बघते. तिच्या हातात एकच काकण. मुसळ वर जातं, खाली येतं. काही वाजत नाही.

मी पुढे सांगायला जाते आणि थांबते. एकट्या काकणाला बुवा शांत म्हणतात. मला ते मुकं दिसतं. दिवाळीपासून शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. कुणी आठल्ये म्हणून हाक मारलेली नाही. मी मधल्या सुट्टीत डबा उघडते आणि पोळीत कुणी खोट काढत नाही. कुणाचा तास चांगला झाला म्हणून माझा दिवस वाईट जात नाही.

मी वर्गासमोर रडते आहे. वर्ग गप्प आहे, पण हा गप्पपणा मला ओळखीचा आहे. कीर्तनात असा असतो.

मंदा दाराशी उभी आहे. तिचं तोंड बघण्यासारखं झालंय. पहिला नंबर हुकलेल्या मुलीसारखं.

"हे मला सुचलं नसतं," ती म्हणते. आणि मग, कुत्सितपणे नाही पण तिच्याच तऱ्हेनं, "आवाज मात्र फुटक्या घागरीचा आहे हो तुझा."

"जा गं तू!"

"जातेच आहे. आ कर."

"काय?"

"आ कर म्हणते ना, आठल्ये."

मी आ करते. तिची बोटं माझ्या ओठांशी येतात, गार, किराणा मालाच्या वासाची.

"विठ्ठल, विठ्ठल," सभामंडप गजर करतो आहे. मध्यंतर झालेलं आहे. बुवांच्या गळ्यात हार, कपाळाला बुक्का. खांब खांबाच्या जागी आहे. शेजारी द्वारकाकाकू टाळ्या वाजवताहेत. मला कोपरानं ढोसतात.

"उठलीस का? पूर्वरंग झोपेत गेला तुझा. आणि रडत काय होतीस?"

मी उत्तर द्यायला जाते आणि जिभेला काहीतरी टोचतं. मी ते बोटावर घेऊन बघते. लवंग. अख्खी, फुलासकट.

"काकू, तुम्ही दिलीत ही?"

"मी? मला दात कुठे आहेत लवंग खायला?" काकू बोळकं दाखवून हसतात. "प्रसादात आली असेल. खा."

प्रसाद अजून वाटलेला नाही. केळ्यांची टोपली गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी झाकलेली दिसते आहे.

बुवा उत्तररंगाचं पद उचलतात. किती सुरेल गळा आहे त्यांचा! नेहमीसारखं पोटात काहीतरी चावतं, आणि आज ते चावणं मला बरं वाटतं, जुनी मैत्रीण भेटल्यासारखं. मी लवंग पुन्हा तोंडात टाकते. चावत नाही. जिभेने सरकवत डाव्या गालात नेऊन ठेवते. उद्या पहिला तास आहे.