आबांच्या रेघेतले खड्डे

हितेंद्र आणि मी शिवडीच्या ऑफिसात शेजारी-शेजारी बसतो. इंटरनेट कंपनीच्या कुठल्या लाइनवरून किती डेटा जातोय, त्याचे आलेख बघणं हे आमचं काम. दर पाच मिनिटांनी आकडा येतो आणि रेघ पुढे सरकते. रेघ अचानक खाली आली की त्याला आम्ही खड्डा म्हणतो आणि फोनाफोनी सुरू होते. सरळ चालली की निवांत चहा पितो. बारा वर्षं हेच केल्यावर सरळ रेघ दिसली की उगाच बरं वाटतं.

हितेंद्रचे वडील, गणपतआबा, लालबागला एकटेच राहायचे. चाळ पाडून टॉवर झाला, आबांना अकराव्या मजल्यावर घर मिळालं आणि दिवसभर उघडी असणारी दारं बंद झाली. हितेंद्रचा संसार डोंबिवलीला. त्याने आबांना स्टाफच्या सवलतीत कनेक्शन घेऊन दिलं, टीव्हीही त्यालाच जोडला आणि त्यांची लाइन आपल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात लावून ठेवली. हे नियमात बसत नव्हतं, पण मीही काही बोललो नाही.

आधी तो रोज दुपारी एकला फोन करायचा. आबांचा ठरलेला प्रश्न, "जेवलंस काय रे?" पुढे फोन कमी झाले आणि मग बंदच पडले.

"कशाला? इथे दिसतंय ना," हितेंद्र म्हणायचा.

दिसायचंही. आबा जागेवरून उठले की टीव्ही बंद करायचे, वीज फुकट जाळणं त्यांना सोसायचं नाही. एकला जेवणाचा खड्डा, चारला चहाचा. "आबांनी आधण ठेवलं," हितेंद्र सांगायचा आणि आम्ही हसायचो.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी अकरापासून रेघ सरळ होती. पाच वाजले तरी एक खड्डा नाही.

"आज आबांना बातम्या सोडवत नाहीयेत," तो म्हणाला.

"मजेत आहेत की मग," मी म्हणालो. मला आजही त्या वाक्याची लाज वाटते.

सहाला शेजारच्या मालनकाकू डबा परत द्यायला गेल्या. आत टीव्ही चालू, पण दार कोणी उघडेना. त्यांनी आपल्याकडची किल्ली लावली. आबा खुर्चीतून उठतानाच कोसळले होते, रिमोट हातापासून वीतभर लांब. सकाळीच अर्धांगाचा झटका आला होता. लवकर आणलं असतं तर वाचा कदाचित वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.

"दिसत होतं रे," हितेंद्र हॉस्पिटलच्या बाकावर मला म्हणाला. "दिवसभर समोर दिसत होतं."

आबा आता डोंबिवलीला असतात. हितेंद्रने ती लाइन स्क्रीनवरून काढून टाकली. रोज एकला तो डबा संपवून जिन्यात जातो आणि घरी फोन लावतो. अनुजा, त्याची बायको, फोन आबांच्या कानाशी धरते. पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो.

"आबा, जेवलो मी," हितेंद्र सांगतो, कोणी विचारलेलं नसताना.